शेवटच्या कडव्यातलं नाव

गंगाराम,

परवा रविवारी तुझी शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो होता, त्यात तू अर्धाच. आपल्या कलापथकाचा एकच फोटो आहे आपल्याकडे. त्यात मी पुढं छाती काढून उभा आणि तू ढोलकीवाल्या बाळाच्या ढोलकीआड. फोटोवाल्यानं तुझं तोंड मोठं करून दिलं खरं, पण ढोलकीची कड काही त्याला काढता आली नाही. हार घातल्यावर तीही झाकली. तू असतास तर म्हणाला असतास, "बरं झालं, मेल्यावर तरी ढोलकीच्या पुढं आलो."

तुझं शेवटचं कडवं मी म्हटलं. हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुझा जीव टांगणीला नको. चार वर्षं गाळलेलं कडवं, तुझ्या नावासकट, सगळ्यांसमोर म्हटलं. पण म्हणून झाल्यावर जे बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही. ते अजून बोलायचं राहिलंय, म्हणून हा कागद घेऊन बसलोय. तुला सांगून उपयोग काय असं विचारू नकोस. मलाही माहीत नाही.

आता लोक सांगतात, चळवळीच्या दिवसांत आम्ही सगळे कसे एकजिवाचे होतो. होतो ना, पण भांडत भांडत. तू रिंगखात्यात सूत काढायचास, मी त्याच मिलच्या विणखात्यात साच्यावर कापड विणायचो. पाळी सुटली की व्यायामशाळेत तालीम. मी पुढं उभा राहून म्हणायचो, बाळा ढोलकीवर, तू मागं तुणतुणं घेऊन माझी ओळ उचलून झील धरायचास. गाणी मात्र सगळी तुझी. मला आजवर एक ओळ जुळवता आली नाही. माझी आई म्हणायची, "देवान आवाज तुका दिल्यान, अक्कल मात्र तेका दिल्यान." तू हसायचास आणि म्हणायचास, आईला खोटं कसं पाडायचं.

त्या दिवसांत जिकडेतिकडे गाणी. चाळीचाळीत एक पथक, नाक्यानाक्यावर एक शाहीर, आणि सगळ्यांचं गाणं एकच, दिल्लीला शिव्या. फाउंटनला गोळ्या झाडल्या, लालबाग-परळला माणसं पडली, मग शिव्या द्यायच्या नाहीत तर काय आरती म्हणायची? मी तेच म्हणायचो. तू वैतागायचास. "दत्ता, दिल्लीवर गाणं मी झोपेत रचीन. पण दिल्ली काय परळच्या मैदानात चटई टाकून बसलीय ऐकायला? बसलोय आपण. मग आपल्याबद्दल गाण्यात एक अक्षर का नको?"

"गाणं वेगळं आणि समाजाला उपदेश वेगळा," मी म्हणायचो.

"उपदेश कुठं करतोय? विचारतोय. परक्यावर गाणं कुणीही रचतो रे. आपल्यावर रचून आपल्याच तोंडावर म्हणता आलं, तर ते गाणं."

हे भांडण कधी संपलंच नाही. आता एकट्यानं कसं चालवू?

एक दिवस तू सांगत आलास की लुगड्याचं गाणं सुचलंय. अख्खा महाराष्ट्र म्हणजे एक लुगडं, कापूस वऱ्हाडचा, रंग मराठवाड्याचा, विणणारे हात कोकणातून बोटीनं आलेले, आणि मुंबई म्हणजे त्याचा काठ. ध्रुपद तू तिथल्या तिथं म्हणून दाखवलंस:

उभं सूत, आडवं सूत, विणा रे विणा,
मुंबईविना लुगड्याला काठ कुठला म्हणा!

माझ्या अंगावर काटा आला. बाळानं तर ढोलकी ओढलीच पुढं. पण तू म्हणालास, थांबा, मला आधी साचा बघायचाय. सूत आम्ही काढतो, कापड तुम्ही विणता, मधे काय होतं ते न बघता गाणं रचलं तर विणखातेवाले हसतील. मीच म्हणालो, ये उद्या जेवणाच्या सुट्टीत, दाखवतो.

आता ती गोष्ट. तुला माहीत आहे, पण मी ती आजवर तोंडातून काढलेली नाही, म्हणून ऐक.

आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर दुसरी कांडी घालतो आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घेतो. दिवसभर तेच. एकाच्या पाळीतला धोटा दुसऱ्याच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडी जातो. एवढ्यासाठी तुमच्या जातीच्या माणसाला विणखात्यात घेत नसत. सूत तुमच्या हातचं चालायचं, धोट्याला तुमचं तोंड चालायचं नाही. कायद्यानं शिवाशीव केव्हाच गेली होती, पण कायद्याला कुठं साचा चालवायचा होता. आणि तू तर गाण्याच्या त्याच सालात बौद्ध दीक्षा घेऊन आलास, घरातले देव समुद्रात सोडलेस, मला म्हणालास, "आता मी कुणाच्या खालचा नाही." मी म्हणालो, "अरे, आमच्यात तू कधी खालचा होतास?" हे मी किती सहज म्हणालो होतो.

तू सुट्टीत आलास. साचे बंद होते, खात्यात शांतता होती. पलीकडच्या साच्यावरचा तात्या भाकरी खात बसला होता. मी तुला सगळं दाखवलं, फणी, ताणा, धोटा. कांडी घालून, तोंड लावून, धागा ओढून दाखवला. तू म्हणालास, "दे बघू." आणि मी काही म्हणायच्या आत तू कांडी घातलीस, तोंड लावलंस, आणि पहिल्या फटक्यात धागा बाहेर. तुझ्या ओठाला कापसाची कस्पटं चिकटली होती. किती खूश झाला होतास. "एवढंच? आणि एवढ्यासाठी आम्हाला बाहेर ठेवलंय?"

तात्यानं भाकरीवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे.

भोंगा झाला. तू निघालास. मी तो धोटा साच्यावरून उचलला, खाली कोपऱ्यात ठेवला, आणि पेटीतला दुसरा काढून लावला. कुणी सांगितलं नव्हतं. हातानं आपोआप केलं, असं मी स्वतःला सांगत आलोय, पण हात काय स्वतःच्या डोक्यानं चालतात? मान वळवली तर तू दाराशी. टोपी विसरला होतास म्हणून परत आला होतास. तू साच्याकडे बघितलंस, कोपऱ्यातल्या धोट्याकडे बघितलंस, टोपी उचललीस आणि गेलास.

आणि हेही ऐक. याच्या चारच महिने आधी मोर्चात अश्रुधूर सोडला होता, तेव्हा मला दिसेना, श्वास घेता येईना, मी रस्त्यात गुडघ्यावर बसलो. तू गळ्यातला रुमाल नळाखाली धरलास आणि माझ्या नाकातोंडावर दाबून मला भिंतीच्या कडेनं ओढत नेलंस. तुझा घामाचा रुमाल मी दातांत धरून श्वास घेतला. तेव्हा मी बाटलो नाही. तेव्हा जीव जात होता ना. जीव जात नव्हता तेव्हाच मला जात आठवली.

आठ दिवसांनी तू गाणं पुरं करून आणलंस. तीन कडवी आम्ही डोक्यावर घेतली. चौथं तू स्वतः म्हटलंस, तुणतुणं खाली ठेवून:

सूत माझ्या हातचं चाले, तोंड का चालेना?
धोटा बदललास गड्या, मन का बदलेना?
राज्य येईल, झेंडा येईल, येईल रे मुंबई,
गंगाराम पुसे, तेव्हा धोटा देशील की नाही?

बाळाची ढोलकी थांबली नाही. त्याला अर्थाशी देणंघेणं नसतं, तालाशी असतं. मला वाटलं, आता तू सांगणार, हा गडी म्हणजे हा इथं उभा आहे तो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

मी म्हणालो, "हे नको."

"का?"

"विणखात्यातली माणसं उठून जातील. एकीच्या वेळी हे कशाला उकरून काढायचं? आधी मुंबई मिळू दे. मग म्हणू."

"मग म्हणजे कधी?"

"राज्य आल्यावर. पहिल्या दिवशी म्हणू. शब्द देतो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना पटलं, कारण पटण्यासारखंच होतं. मी चळवळीचं नाव पुढं केलं आणि आपलं तोंड लपवलं, हे तुझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. आणि तू म्हणालास, "बरं. तुझा शब्द आहे तर थांबतो." झालं. एवढंच.

त्या दिवशी तू चिडायला हवं होतंस रे. एक कानफटात मारली असतीस तरी चाललं असतं.

पुढं जे झालं ते मात्र कुणी ठरवून केलं नव्हतं. आपल्या शाहिरांची रीतच आहे, रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं. वेगळं नाव कोण सांगतो? गाणं संपता संपता ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, हे अमक्याचं. पथकाची गाण्यांची चोपडी छापायला गिरगावातल्या छापखान्यात बाळा गेला होता. तिथल्या माणसानं विचारलं, कवीचं नाव कुठं घालू? बाळानं ऐटीत सांगितलं, "घालायचं नसतं हो, आमच्यात नाव गाण्यातच असतं." आणि गाणं दिलं तीन कडव्यांचं. वर फक्त "गायक दत्ताराम आणि मंडळी." चोपडी हातोहात खपली. नाव राहिलं हे बाळाला नाही सुचलं, मला नाही सुचलं. तुला सुचलं असणार. चोपडी चाळून तू म्हणालास, "छपाई सुरेख आहे."

ठाकूरद्वारला त्या वाडीत आपला कार्यक्रम झाला, आठवतो? खुर्च्यांवर वकील, मास्तर, बायका जरीकाठाच्या पातळांत. लुगड्याचं गाणं दोनदा म्हणायला लावलं. एक म्हातारे गृहस्थ उठून माझ्यापाशी आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मुंबई म्हणजे काठ! काय कल्पना आहे तुमची." मी तोंड उघडलं, सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात त्यांच्या मंडळींनी मला चहाकडे नेलं, आणि चहा संपेपर्यंत ते गृहस्थ गेले होते. परत येताना तू म्हणालास, "कल्पना बरी आहे हं तुमची, दत्तारामपंत." मी हसलो. तूही हसलास. गिरगावातून लालबागपर्यंत आपण चालत आलो, आणि वाटेत तू भुलेश्वरच्या भाज्यांवर बोललास, पावसाळ्यात बोटी बंद असतात त्यावर बोललास, पण त्यावर परत बोलला नाहीस.

त्यानंतर गाणं सुटलं. शिवडीच्या गोदीत हमाल म्हणायला लागले, वरळी कोळीवाड्यात जाळी विणताना बायका म्हणायला लागल्या, त्यांनी तर लुगड्याच्या जागी जाळं घातलं. मी तुला तिथं मुद्दाम घेऊन गेलो ऐकवायला. तू मासळी वाळत घातलेल्या बांबूंच्या मधे उभा राहून ऐकलंस, पुरं संपेपर्यंत. एका म्हातारीला विचारलंस, "मावशी, कुणाचं गाणं?" ती म्हणाली, "कुणाचं म्हंजे? आमचंच." तुझ्या तोंडावर त्या दिवशी जे होतं ते मला नीट वाचता आलं नाही. वाईट वाटलंय की आनंद झालाय, अजून ठरवता येत नाही. विचारायचं राहून गेलं.

राज्य आलं. मुंबई मिळाली. लालबागला संध्याकाळी पताका, पेढे, गुलाल, माणसं रडत होती. मीही रडलो. मांडवात आपलं गाणं लावलं होतं पहिल्यालाच. तू मागं तुणतुण्याची तार पिळत होतास. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणालास, "दत्ता, आज पहिला दिवस."

मला कळलं. शब्द माझाच होता. समोर तात्या बसला होता, विणखात्यातली सगळी माणसं बसली होती, फेटे बांधून. मी म्हणालो, "आज नको रे. आज आनंदाचा दिवस आहे. कशाला मिठाचा खडा टाकायचा."

तू "हं" म्हणालास. मग तीन कडव्यांना तू अशी झील धरलीस की लोक उभे राहिले. त्या दिवसानंतर तू नवं गाणं रचलं नाहीस. विचारलं की म्हणायचास, वेळ मिळत नाही. मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

मग तुझा खोकला. रिंगखात्यातल्या अर्ध्या माणसांना खोकला असतो, कोण लक्ष देतो. शिवडीच्या इस्पितळात तुला ठेवलं तोवर तुझी हाडं मोजता यायची. मी दर रविवारी यायचो, मोसंबी घेऊन. तू ती शेजारच्या खाटेवर द्यायचास. शेवटच्या रविवारी तू बोलतसुद्धा नव्हतास फारसा. मी आपला बडबडत होतो, पथकाचं असं, बाळाचं तसं. एकदम तू म्हणालास, "म्हणणार कधी?"

काय म्हणणार ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हणालो, "तू बरा हो. आपण दोघं मिळून म्हणू. मी पुढं, तू मागं."

"या वेळी मी पुढं," तू म्हणालास. आणि हसायला गेलास तर खोकल्यानं हसू दिलं नाही. मी पाणी दिलं. तुझ्या पेल्यातलं उरलेलं पाणी मी तुझ्यादेखत प्यालो, मुद्दाम. तू बघितलंस आणि डोळे मिटलेस. किती उशिरा, किती स्वस्तात मी हे केलं, तुला काय वाटलं असेल? बुधवारी निरोप आला.

हे असं आहे बघ. मी तीनदा पुढं ढकललं. आधी मुंबई, मग आनंदाचा दिवस, मग तू बरा हो. तिन्ही वेळा कारण चोख होतं. चोख कारण मिळालं की माणूस काहीही पचवतो.

शोकसभेच्या आदल्या दिवशी तुळसावहिनी आल्या. माझी आई दारात तांदूळ निवडत होती, तिच्यापाशी बसल्या आणि सूप हातात घेतलं. मला म्हणाल्या, "दत्ताभावजी, उद्या ते लुगड्याचं म्हणाल ना? त्यात यांचं नाव येतं ते कडवं म्हणा. माझ्या सासूबाई येणार आहेत गावाहून. त्यांनी लेकाचं नाव गाण्यात कधी ऐकलं नाही."

मी म्हणालो, "वहिनी, ते आता आठवत नाही हो."

बघ. तू गेलास तरी मी तेच. आठवत नाही म्हणे. साच्याच्या प्रत्येक ठोक्याला ते मला ऐकू येतं.

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आख्खं कडवं म्हणून दाखवलं. चालीत नाही, नुसतं बोलल्यासारखं. खडा वेचता वेचता म्हणाल्या, "घरी सारखं म्हणायचे. तुम्ही जिना चढताना दिसलात की थांबायचे. मी विचारायचे, अहो, हा धोटा बदलणारा कोण? तर म्हणायचे, आहे एक. आपलाच माणूस आहे. नाव घेऊ नये."

गंगाराम, चार वर्षं! स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही? मी तुझं नाव गाळलं आणि तू माझं झाकून ठेवलंस? मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तांदूळच बघत बसली. म्हाताऱ्या माणसांना किती कळतं कोण जाणे.

तर मी म्हटलं. तुझी आई पहिल्या रांगेत, खुर्ची दिली तरी खाली बसलेली. तीन कडव्यांना लोक नेहमीसारखे माना डोलवत होते. चौथं सुरू केल्यावर डोलायचे थांबले. मागं झील धरायला कुणी नव्हतं, बाळानं धरायचा प्रयत्न केला आणि रडायला लागला. "गंगाराम पुसे" आलं तेव्हा तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं होतं, माणसं उठून जातील. एकही उठलं नाही. कुणी चिडलं नाही. टाळ्या वाजल्या, रे. नेहमीसारख्याच. ज्या धाकानं मी चार वर्षं ते कडवं दाबलं, तो धाक नव्हताच की काय? की तू गेल्यामुळं आता ते कडवं कुणालाच लागत नाही? मला कळत नाही. कुणाला विचारू?

सभा संपल्यावर युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "दत्ताराम, हे कडवं चोपडीत नाही. जबरदस्त आहे. कुणावर आहे हो? कोण हा विणकर?"

शेजारी तात्या उभा होता. तोच तात्या. त्यानं माझ्याकडे बघितलं, अगदी त्या दिवशी भाकरीवरून मान वर करून बघितलं होतं तसं. तुळसावहिनी दोन हात अंतरावर चपला शोधत होत्या. बोलायला यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. एका शब्दाचं काम होतं. "मी." केवढासा शब्द.

मी म्हणालो, "असेल कुणीतरी. त्या वेळी सगळीकडे तसंच होतं."

सेक्रेटरी म्हणाले, "खरंय, खरंय. समाजाचंच चित्र आहे." तात्यानं तंबाखूची डबी काढून माझ्यापुढं धरली. मी चिमूट घेतली.

काल सोमवारी पाळी सुटल्यावर मी ठरवून तुझ्याकडे गेलो. लालबागहून नायगाव, चालतच. वाटभर वाक्य घोकलं. वहिनी, तो माणूस मी. वहिनी, मीच तो. तुझ्या चाळीच्या नळाशी येईतो तोंडपाठ झालं होतं, कडव्यासारखं. तुझी आई खोलीत निजली होती. वहिनींनी चहा टाकला. तुझं तुणतुणं खुंटीला होतं, तार सैल केलेली. तूच केली असशील, इस्पितळात जायच्या आधी.

चहाचा कप माझ्या हातात देत वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तर विणखात्यातले. तुम्हाला ठाऊक असेल तो कोण ते. मला नाव नको. पण कधी भेटला तर त्याला एक सांगाल? यांनी त्याच्यावर राग धरला नव्हता. शेवटच्या दिवशी म्हणाले मला, तो येईल आणि स्वतःच सांगेल, बघ तू."

चहा हातात तसाच. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, साध्या डोळ्यांनी, उत्तराची वाट बघत.

मी म्हणालो, "भेटला तर सांगतो, वहिनी."